फांदी पाण्यात ठेवून रोप कसं करायचं, आणि मातीत गेल्यावर ते जगवायचं कसं
(आमच्या नर्सरीच्या सगळ्या ग्राहकांसाठी)

"मुया त बम आल्या होत्या भाऊ, मंग रोप वाळलं काऊन?" हा प्रश्न पावसाळाभर आमच्या काउंटरवर येतो, आणि विचारणाऱ्या ताई-काकूंचं बहुतेक वेळा काहीच चुकलेलं नसतं, फांदी बरोबर कापलेली, पाणी बदललेलं, मुळं चांगली पांढरीशुभ्र. रोप जातं ते नंतर, बाटलीतून काढून काळ्या मातीत लावल्यावर. म्हणून या कागदावर पाण्याचं थोडक्यात सांगतो आणि मातीचं जरा सविस्तर.

आधी फांदी. चार ते सहा इंचाची घ्या, कोवळी लुसलुशीत नको आणि जुनी लाकडासारखी झालेली पण नको, मधली घ्या, आणि कळी, फूल किंवा मंजिरी असेल तर खुडून टाका, नाहीतर सगळी ताकद तिकडेच जाते. कापायचं पेराच्या जरा खाली. पेर म्हणजे जिथून पान फुटतं ती गाठ, बहुतेक झाडांची मुळं तिथूनच किंवा तिच्या आसपास निघतात. मनी प्लांटची वेल हातात घेऊन पाहा, प्रत्येक पेराशी, पानाच्या समोरच्या बाजूला खोडावर तपकिरी बारीक टोक आलेलं दिसेल, तेच पाण्यात गेलं की मूळ होतं. नुसतं पान देठासकट पाण्यात ठेवलं तर ते महिनोनमहिने हिरवं राहील, कधी मूळ पण धरेल, पण नवा कोंब त्याला कधीच येणार नाही कारण त्यात पेरच नाही. लोक म्हणतात मनी प्लांट चोरून आणला तरच लागतो, आमचं म्हणणं आहे की मागून घ्या आणि नीट पेर पाहून धारदार ब्लेडनी कापून घ्या, चोरून घाईत तोडलेली वेल चेंदते आणि चेंदलेला भाग पाण्यात आधी सडतो.

खालची पानं काढून टाका, पाण्यात एकही पान बुडायला नको. वर दोन-चार पानं मात्र राहू द्या. मूळ फुटायला लागणारं ऑक्झिन नावाचं द्रव्य शेंड्यात आणि कोवळ्या पानात तयार होतं आणि खाली उतरून कापलेल्या जागी साठतं, म्हणून सगळी पानं ओरबाडलेली काडी मागे पडते. रूटिंग पावडर (मुळं लवकर फुटावी म्हणून मिळते ती) पाण्यात टाकू नका, ती मातीत लावायच्या कटिंगसाठी असते, पाण्यात धुवून जाते.

पाणी कोणतं? पावसाचं सगळ्यात चांगलं. नळाचं असेल तर रात्रभर उघड्या गंजात (पातेल्यात) ठेवून मग वापरा. आणि दर्यापूर, मूर्तिजापूरकडचे आमचे जे ग्राहक आहेत त्यांनी हे नीट वाचा, पूर्णा खोऱ्यातला खारपाणपट्टा आहे तो, तिथलं बोअरचं पाणी खारट असतं, त्यात मूळ नीट धरतच नाही आणि धरलं तरी टोकं करपतात. तिकडे पावसाचं धरून ठेवलेलं किंवा आरओ फिल्टरचं पाणीच घ्या.

बाटलीला बाहेरून वर्तमानपत्र गुंडाळा. मुळं अंधारात चांगली येतात आणि उजेड लागला की पाण्यात शेवाळ धरतं. वरच्या पानांना मात्र उजेड पाहिजे, थेट ऊन नको. पाणी दर तीन-चार दिवसांनी पूर्ण बदला, वरून भर टाकून चालत नाही, कारण मुळाला हवा लागते आणि ती त्याला पाण्यात विरघळलेल्या ऑक्सिजनमधूनच मिळते. दुसरं कारण डासाचं. डेंग्यूचा डास साचलेल्या स्वच्छ पाण्यातच अंडी घालतो आणि साधारण आठ-दहा दिवसात अंड्याचा डास होतो. आशाताई घरी येऊन कूलर आणि टाक्या बघतात ना, ही बाटली पण त्यातच धरा आणि तोंडाला कापड बांधा.

खोडावर खसखशीएवढे पांढरे ठिपके दिसले की काहीजण बुरशी समजून फांदी फेकून देतात. फेकू नका! खोड पाण्यात फुगल्यावर असं होतं, आणि बऱ्याचदा पुढे थोड्याच दिवसात मूळ दिसतं. बुरशी-सड ओळखायची तर खालचं टोक बोटानी दाबून पाहा, मऊ लागलं, काळं पडलं आणि वास येत असला तर तेवढं कापून नव्या पाण्यात ठेवा.

दिवसांचं म्हणाल तर पुदिना, कोलियस, पानओवा आठवड्याभरात सुरू होतात, तुळशीला दहा-पंधरा दिवस, मनी प्लांट आणि सिंगोनियमला दोन-तीन आठवडे, कण्हेरीला महिनाभर, गावठी लाल जास्वंदीला त्याहून जास्त पण लागू शकतात. कण्हेरीचं पान, चीक आणि ती ठेवलेलं पाणी सगळं विषारी आहे, लेकरं आणि बकऱ्या जिथे पोचतील तिथे ती बाटली ठेवूच नका आणि हात साबणानी धुवा. तुळशीची फांदी दिवाळीच्या आधीच काढून ठेवा, तुळशीच्या लग्नानंतर थंडी वाढली की जुनं झाड बरेचदा वाळतं आणि मग कापायला हिरवं काही उरत नाही.

काही झाडांसाठी पाण्याचा नाद सोडा. शेवगा पाण्यात सडतो, त्याची तीन-चार फुटाची फांदी पावसाच्या तोंडावर सरळ जमिनीत लावा. बोगनवेल पेन्सिलएवढ्या जाडीची मातीत लावा, मोगऱ्याला दाब कलम (फांदी झाडावरच ठेवून मातीत दाबायची) बरं. नर्सरीतला गुलाब खुंटावर डोळा भरून (म्हणजे दुसऱ्या मुळं असलेल्या रोपावर त्याची कळी बसवून) केलेला असतो, त्याची फांदी लागली तरी झाड तेवढं जोमदार होईलच असं नाही. आणि संत्र्याची फांदी घेऊन येऊ नका, संत्र्याचं रोप जंभेरी किंवा रंगपूर लाईमच्या खुंटावर डोळा भरूनच करतात, वरुड-शेंदूरजना घाटकडे हेच काम पिढ्यानपिढ्या चालू आहे.

आता मातीचं. पाण्यात आलेलं मूळ दिसायला छान असतं पण ते ठिसूळ असतं आणि त्याला बारीक केसांसारखे तंतू फार कमी असतात, पाण्यात त्याला पाणी शोधावं लागलेलं नसतं. मातीत गेल्यावर त्याला नवे तंतू काढावे लागतात आणि तोपर्यंत पानं पाणी मागतच राहतात. त्यात आपली काळी माती. ओली झाली की फुगते आणि तिच्यातली हवेची जागा बंद होते, मूळ गुदमरतं. वाळली की भेगा पडतात आणि भेगेसोबत कोवळं मूळ तुटतं. म्हणून वावरातली माती कुंडीत भरून त्यात हे रोप लावू नका.

मुळं एक-दोन इंचाची झाली की लगेच काढा. हातभर होऊ देऊ नका, जितकी लांब तितकी लावताना जास्त तुटतात आणि मातीत रुळायला जास्त वेळ लागतो. खाली भोक असलेली छोटी पिशवी किंवा कप घ्या, त्यात दोन भाग लाल किंवा गाळाची माती, एक भाग रेती, एक भाग चाळलेलं जुनं शेणखत. ताजं शेण नको, ते गरम पडतं. काडीने खड्डा करून मुळं त्यात मोकळी सोडा, दाबून बसवू नका, वरून पाणी दिलं की माती आपोआप बसते. हे काम संध्याकाळी करा.

पहिले आठ-दहा दिवस माती सतत ओलसर ठेवा (चिखल नाही, ओलसर) आणि रोप सावलीत ठेवा, मग हळूहळू पाण्यात अंतर वाढवा, मग सकाळचं ऊन दाखवा. दुपारी पानं माना टाकतील आणि संध्याकाळी परत उभी राहतील तर घाबरायचं कारण नाही, वरून पारदर्शक पिशवी सैल घाला, फक्त पिशवी घातलेलं रोप उन्हात ठेवू नका. संध्याकाळी पण उठत नसेल तर एक-दोन पानं कमी करा. आणि कृपा करून युरिया टाकू नका. घरात पोतं असतं म्हणून चिमूटभर टाकला जातो, त्यात 46 टक्के नायट्रोजन असतो, एवढ्याशा कपात चिमूटभर म्हणजे कोवळं मूळ जळालंच. नवीन पान फुटेपर्यंत कुठलंच खत लागत नाही. जमिनीत लावायचं असेल तर महिनाभराने, दीड फूट खड्ड्यात मुरूम, रेती आणि शेणखत मिसळून.

हे सगळं करायला मृगाच्या पावसापासून पोळ्यापर्यंतचा काळ सगळ्यात चांगला. हिवाळ्यात मूळ हळू येतं, धीर धरा. एप्रिल-मे मधे आपल्याकडे पारा 45 च्या वर जातो तेव्हा करूच नका, बाटलीतलं पाणी कोमट होतं, कोमट पाण्यात ऑक्सिजन कमी राहतो आणि सड वाढते. करायचंच असेल तर घरातल्या गार कोपऱ्यात ठेवा आणि पाणी रोज बदला.

चाळलेली मिक्स माती आणि रोपाच्या पिशव्या आमच्याकडे सुट्या मिळतात, एक पिशवी पण देतो. मूळ आलेली फांदी दाखवायला आणायची असेल तर ओल्या फडक्यात गुंडाळून आणा, गाडीच्या डिक्कीत टाकून उन्हातून आणू नका. आणि रोप वाळलं असेल तर ते मातीसकट घेऊन या, मूळ पाहिल्यावर पाणी कमी पडलं की जास्त झालं हे आम्ही तिथल्या तिथे सांगू शकतो.