टेस्ला कॉइलसाठी उच्चदाब रोहित्रांची जोडणी

हौशी प्रयोगकर्त्याने घरी बांधलेल्या टेस्ला कॉइलचे, म्हणजे लांब ठिणग्या पाडणाऱ्या उच्चदाब उपकरणाचे, प्राथमिक धारित्र (कपॅसिटर) पुरेशा वेगाने प्रभारित व्हावे, यासाठी दोन किंवा अधिक उच्चदाब रोहित्रे (ट्रान्सफॉर्मर) एकत्र जोडली जातात. निकोला टेस्ला यांनी १८९१ मध्ये विकसित केलेल्या या कॉइलला हजारो व्होल्टचा पुरवठा लागतो, आणि तो बहुधा निऑन फलकांच्या जुन्या लोहगाभ्याच्या रोहित्रांतून घेतला जातो. विदर्भातील खेड्यांत अशी रोहित्रे मिळाली तर ती शहरातून आलेल्या भंगारातच मिळतात.

१५,००० व्होल्ट व ६० मिलीअँपिअरचे एक रोहित्र ९०० व्होल्ट-अँपिअर देते. अशी दोन समांतर जोडल्यास दाब तोच राहून प्रवाह १२० मिलीअँपिअर होतो. एकसर (सिरीज) जोडणीने दाब दुप्पट करण्याचा मोह मात्र महागात पडतो. या रोहित्राच्या दुय्यम वेटोळ्याचा मध्य लोखंडी गाभ्याला जोडलेला असल्यामुळे प्रत्येक टोकाचे विद्युतरोधन जमिनीच्या सापेक्ष ७,५०० व्होल्टपुरतेच केलेले असते.

समांतर जोडणीत सर्व रोहित्रे एकाच फेजवर हवीत. शेतातील विहिरीच्या थ्री-फेज जोडणीवरून दोन रोहित्रांना वेगवेगळे फेज दिल्यास त्यांच्या दाबांत १२० अंशांचा फरक पडतो आणि प्रवाह कॉइलकडे जाण्याऐवजी रोहित्रांमध्येच फिरतो. फेज एकच असूनही दिशा उलट लागली असेल, तर एका रोहित्राच्या प्राथमिक बाजूच्या दोन तारांची अदलाबदल पुरते.

धारित्राची निवडही जोडणीबरोबर बदलते. ५० हर्ट्झवर वरील एका रोहित्राशी सुमारे १२.७ नॅनोफॅरडचे धारित्र अनुनादात (रेझोनन्समध्ये) येते, दोघांशी त्याच्या दुप्पट. या मूल्याचे धारित्र असताना ठिणगी-फट (ठरावीक दाबाला ठिणगी उडून धारित्र रिकामे करणारी फट) उडालीच नाही, तर दाब नेमून दिलेल्या मर्यादेपलीकडे चढत जातो व डांबरात बसवलेले वेटोळे आतून जळते. गावात संध्याकाळी २३० व्होल्टचा पुरवठा १८० वर आला की १५,००० चे सुमारे ११,७०० व्होल्ट होतात. पूर्ण दाबावर बेतलेली फट मग अनुनादाने दाब चढेपर्यंत उडत नाही. म्हणून पुष्कळ जण अनुनादी मूल्याच्या दीडपट धारित्र वापरतात, आणि तेच शहाणपणाचे.

टेस्ला कॉइलच्या दुय्यम वेटोळ्याला घराच्या वायरिंगपासून वेगळे अर्थिंग लागते. काळी कापसाची जमीन उन्हाळ्यात भेगाळून कोरडी पडते तेव्हा तिचा रोध वाढतो. मीठ-कोळशाच्या खड्ड्यात पाणी ओतत राहणे हा गावोगावच्या वायरमनांचा जुना उपाय इथेही लागू पडतो.

मायक्रोवेव्ह ओव्हनचे रोहित्र सुमारे २,००० व्होल्टच देते, पण त्याचा प्रवाह प्राणघातक असतो. गावाच्या डीपीत (वीजवितरणाच्या रोहित्रात) तर निऑनच्या रोहित्रासारखी प्रवाहाला आतून आवर घालणारी सोय नसते. पुरवठा तोडल्यानंतरही धारित्रात प्रभार उरतो, त्यामुळे विद्युतरोधक दांडीला बांधलेल्या अर्थिंगच्या तारेने तो रिकामा केल्याशिवाय जोडणीला हात लावला जात नाही.