खाणबंदी, कॅम्प आणि डंपावरचा देवचार

‘ओसाड खाणगाव’ म्हटले की बाहेरच्या माणसाला रिकामी बाजारपेठ आणि वाऱ्याने आपटणारी दारे दिसू लागतात. गोव्यात असे गाव नाही. पिसुर्ले, सोनशी, शिरगाव, पाळी, कोडली सगळी जागच्या जागी आहेत. पालख्या निघतात, जत्रा भरतात. ओसाड पडले ते कॅम्प. लोहखनिजाच्या खाणीच्या कडेला कौलारू नाहीतर पत्र्याच्या खोल्यांची एक ओळ, कॅण्टीन, वजनकाट्याची केबिन, पंक्चरवाला. या खोल्यांत राहणारे बरेचसे घाटापलीकडून किंवा ओडिशासारख्या लांबच्या राज्यांतून आलेले. काम थांबल्यावर त्यांच्याजवळ थांबायला कारण नव्हते. खोल्यांचे वासे आधी गेले, मग पत्रे. आता भिंतींना गुडघ्यापर्यंत तांबडा पट्टा तेवढा आहे आणि आत रानमोडी माजली आहे. भुताच्या गोष्टी चालतात त्या या कॅम्पांच्या आणि डंपांच्या, म्हणजे खाणीतून काढून ओतलेल्या मातीच्या ढिगांच्या.

गोष्टींत दोन जाती आहेत आणि त्यांची सरमिसळ होते. पहिली जुनी: डंपावरून रात्री चूड (पेटत्या झावळीची मशाल) फिरताना दिसते, काठीला बांधलेल्या घुंगरांचा आवाज येतो. दुसरी अलीकडची: रस्ता मोकळा असताना भरलेला टिप्पर (मालाचा ट्रक) चढण चढताना ऐकू येतो, बंद काट्यावर दिवा पेटतो. पहिली गोष्ट भुताची नाहीच, ती राखणदाराची. देवचार म्हणा, राखणदार म्हणा, तो सीमेचा, डोंगराचा, झरीचा धनी. वर्षाला त्याचा रोट (जाड भाकरी), सुरा (दारू), विडी ठरलेली. त्याला भूत म्हटले तर आजही जुनी माणसे कानावर हात ठेवतात. पंचाईत एवढीच की राखणदार ज्या डोंगराचा, तो डोंगरच उरला नाही. त्याची जागा हलवताना कुठे कौल घेतला, रीतसर गाऱ्हाणे घातले असे गावात सांगतात. कुठे थेट पोकलेन घातला. मग तो डंपावर फिरतो, असे लोक म्हणू लागले.

पोर्तुगीज काळाबद्दल फार लिहीत नाही. डोंगर कायमच्या कन्सेशनवर, म्हणजे खाणीच्या हक्कावर, दिले गेले, पहार-कुदळ आणि डोक्यावरची पाटी यांवर खाणकाम सुरू झाले, 1950 नंतर जपानने माल उचलला, मग यंत्रे आली. मांडवीतून खनिज वाहणाऱ्या बार्जची गोष्ट गोव्यात कुणाला सांगायला नको. खरा बदल 2000 नंतरचा. चीनने हलक्या प्रतीचा माल घ्यायला सुरुवात केली आणि पूर्वी टाकाऊ म्हणून ओतलेले डंपही खनिज ठरले. एक टन मालामागे अडीच-तीन टन माती बाहेर पडते, ती माती पुन्हा ट्रकात चढली. 2010-11 मध्ये निर्यात पाच कोटी टनांच्या वर गेली. शिरगावात विहिरी आटल्या. लईराई देवीच्या जत्रेत धोंड, म्हणजे व्रत धरलेले भक्त, जिथे आंघोळ करतात त्या गावात पाण्याची ही तऱ्हा! सोनशीत धूळ आणि ट्रकांविरुद्ध एप्रिल 2017 मध्ये लोक रस्त्यावर बसले, चाळिसांहून अधिक जणांना अटक झाली. केळीच्या पानावर बोट फिरवले की बोट तांबडे व्हायचे, हे मी स्वतः पाहिलेले.

आता मुख्य घोळाचा शब्द: खाणबंदी. ‘बंदी झाली तेव्हापासून कॅम्पात आवाज येतात,’ असे कुणी सांगितले की मी विचारतो, कुठली बंदी? कारण हा एकच शब्द निदान तीन गोष्टींना वापरला जातो. 10 सप्टेंबर 2012 ला राज्य सरकारने काम स्थगित केले; निमित्त केंद्राने नेमलेल्या चौकशी आयोगाच्या अहवालाचे. चार दिवसांनी पर्यावरण परवाने गोठवले गेले. 5 ऑक्टोबरला सर्वोच्च न्यायालयाने सगळे थांबवले. यातल्या पहिल्या दोन पायऱ्यांना कागदोपत्री बंदी म्हणता येत नाही.

एप्रिल 2014 च्या निकालाने थांबवणे उठवले, वर्षाला दोन कोटी टनांची मर्यादा घातली, पण जाता जाता मोठी गोष्ट सांगितली: लीज (खाणपट्टे) 22 नोव्हेंबर 2007 लाच संपली होती. 1987 च्या कायद्याने जुनी कन्सेशने मागे जाऊन 20 डिसेंबर 1961 पासून लीज मानली होती. त्यांची मुदत 1987 ला आणि एकदाचे नूतनीकरण 2007 ला संपले. म्हणजे तेजीची ती पाच वर्षे मेलेल्या लीजवर खोदकाम चालले. चूड बघायला डंपावर कशाला जायचे, आधी हा कागद बघा, असे मी म्हणतो आणि गावात कुणाला ते आवडत नाही, कारण त्याच पाच वर्षांत कर्ज काढून घरटी ट्रक घेतले गेले होते.

निकालानंतर 88 लीजचे दुसऱ्यांदा नूतनीकरण झाले. लिलाव करायला हवा होता की नाही, यावर भांडणे अजून संपलेली नाहीत. माझे मत: करायला हवा होता. 7 फेब्रुवारी 2018 ला न्यायालयाने ती सगळी रद्द केली आणि 15 मार्चपर्यंत काम आवरायला सांगितले. याला लोक दुसरी खाणबंदी म्हणतात. वास्तविक ही बंदी नव्हे, लीजच नव्हती.

आणि आवाजांच्या गोष्टी या दुसऱ्या वेळच्या आहेत. 2012 ला कॅम्प भरलेलेच होते, आज-उद्या सुरू होईल म्हणून लोक थांबले, पत्ते खेळत बसले. 2018 ला थांबायला कुणी उरले नाही. रात्र पार गप्प झाली. वर्षानुवर्षे दर दोन मिनिटांनी टिप्पर जाणाऱ्या रस्त्याकडेच्या घरात झोपलेल्या माणसाला ती शांतता सोसवेना. माझा एक नातेवाईक त्या दिवसांत मध्यरात्री उठून खिडकीत यायचा. ‘गाडी गेली काय रे?’ गाडी गेलेली नसायची.

लिलावातून नवे ब्लॉक दिले गेले आणि 2024 मध्ये डिचोलीच्या बाजूला माल पुन्हा निघू लागला. जुने पिट, म्हणजे खाणीचे खड्डे, पाण्याने भरलेले आहेत. गावे पावसाळ्यात बांध फुटेल या भीतीत असतात आणि उन्हाळ्यात त्याच पाण्यावर टँकर लावतात. कॅम्पाच्या वाटेवरच्या पंक्चरवाल्याची जुनी पाटी अजून झाडाला आहे. खाली दगडावर कुणीतरी विडीचे बंडल आणि नारळ ठेवतो. ड्रायव्हर पहिल्या ट्रिपेला तिथे हॉर्न वाजवत नाहीत.