सदोमपासून एदेनपर्यंत: समलिंगी विवाहावरच्या ख्रिस्ती वादाची पार्श्वभूमी

समलिंगी विवाहाचा प्रश्न चर्चमध्ये निघाला की दोन्ही बाजूंच्या हातात एकच पुस्तक असते. बाहेरच्याला वाटते, एक बाजू बायबल मानते आणि दुसरीने ते सोडून दिले आहे. हा समज चुकीचा आहे. दोन्ही बाजूंना तीच पाच-सहा वचने तोंडपाठ असतात. वाद असतो तो कोणत्या वचनावर किती भार टाकायचा याचा. हा भार गेल्या सत्तर वर्षांत देवाने पापासाठी नष्ट केलेल्या सदोम नगरावरून जुन्या करारातल्या लेवीय या पुस्तकाच्या नियमांवर, तिथून प्रेषित पौलाच्या पत्रांतल्या दोन ग्रीक शब्दांवर आणि अखेरीस बायबलच्या पहिल्या पुस्तकाच्या, उत्पत्तीच्या, पहिल्या दोन अध्यायांवर, म्हणजे एदेन बागेतल्या पहिल्या जोडप्याच्या कथेवर सरकला. आज एखादा पाळक सदोमचे उदाहरण देतो आणि दुसरा एदेन बागेचे, तेव्हा ते वादाच्या दोन वेगळ्या काळांतून बोलत असतात.

सुरुवात सदोमपासून करावी लागते, कारण कायद्याच्या पुस्तकात शिरली ती हीच कथा. उत्पत्तीच्या 19व्या अध्यायात सदोमचे पुरुष तिथे राहणाऱ्या लोटाच्या घराला वेढा घालून पाहुण्यांना बाहेर काढायला सांगतात. लोट त्यांच्यासमोर स्वतःच्या दोन मुली देऊ करतो. हा प्रसंग सामूहिक बलात्काराच्या प्रयत्नाचा आहे. यहेज्केल संदेष्टा (16:49-50) सदोमचे पाप सांगताना गर्व, पोटभर अन्न, निश्चिंत सुख आणि गरिबाला हात न देणे यांची नावे आधी घेतो, आणि मग अमंगळ कृत्यांचा उल्लेख करतो. पुरुषांमधला संबंध हेच सदोमचे पाप, हे वाचन इसवी सनाच्या पहिल्या शतकात अलेक्झांड्रियाच्या फिलो या यहुदी तत्त्वज्ञाकडे ठळक दिसते. सम्राट जस्टिनियनने सहाव्या शतकात दुष्काळ, भूकंप आणि रोगराई यांच्याशी त्याची सांगड घालून फर्मान काढले. अकराव्या शतकात पीटर डेमियन या इटालियन मठवासीच्या लिखाणाने नगराच्या नावाला पापाचे नाव करण्याला जोर दिला. इंग्लंडमध्ये 1533 साली आठव्या हेन्रीच्या काळात हा गुन्हा चर्चच्या न्यायालयातून राजाच्या न्यायालयात गेला. त्याच परंपरेतून 1860च्या भारतीय दंड संहितेत कलम 377 आले. त्यातले ‘निसर्गक्रमाविरुद्ध’ हे शब्द मुंबईतल्या फौजदारी न्यायालयात उच्चारले जात, तेव्हा त्यामागे मध्ययुगीन धर्मशास्त्र उभे असे.

या वाचनाला आधुनिक काळातला पहिला मोठा धक्का अँग्लिकन (इंग्लंडच्या चर्चच्या परंपरेतले) धर्मगुरू डेरिक शेर्विन बेली यांनी 1955 साली दिला. उत्पत्ती 19च्या पाचव्या वचनातले ‘यादा’ हे हिब्रू क्रियापद, म्हणजे ‘जाणणे’, जुन्या करारात नऊशेहून अधिक वेळा येते आणि त्यातले मोजकेच उपयोग लैंगिक आहेत, असे त्यांनी दाखवले. त्यावरून नगरवासीयांना परक्यांची फक्त ओळख पटवून हवी होती, असा निष्कर्ष त्यांनी काढला. इथे ते घसरले. तीनच वचनांनंतर, आठव्या वचनात, लोट आपल्या मुलींनी ‘पुरुष जाणलेला नाही’ असे म्हणतो. तिथे क्रियापद तेच आहे आणि अर्थ उघडच लैंगिक आहे. भाषेचा मुद्दा टिकला नाही, पण पाहुण्यांवरच्या हिंसेचा मुद्दा टिकला. आज परंपरावादी अभ्यासकही विवाहाच्या प्रश्नावर सदोमला मुख्य पुरावा म्हणून फारसे पुढे करत नाहीत. दोन माणसांनी आयुष्यभराचे वचन देणे आणि जमावाने दार फोडणे यांत साम्य नाही, हे त्यांनाही मान्य आहे.

मग वाद लेवीयकडे वळला. 18:22 आणि 20:13 ही दोन वचने पुरुषाने पुरुषाशी ‘स्त्रीशी निजावे तसे’ निजण्याची मनाई करतात. दुसऱ्यात शिक्षा देहान्ताची आहे. इथे दोन्ही बाजूंच्या हातून ठरावीक चुका होतात. उदारमतवादी वक्ता पुष्कळदा म्हणतो, ‘लेवीय तर शिंपले-कोळंबी खाणेही अमंगळच म्हणते.’ मराठीत दोन्हीकडे ‘अमंगळ’सारखा शब्द आला, तरी हिब्रूत शब्द वेगळे आहेत. अकराव्या अध्यायात खाद्यासाठी ‘शेकेत्स’ आहे आणि अठराव्यात ‘तोएवा’. त्यामुळे हा युक्तिवाद जाणकारापुढे लगेच कोसळतो. (जुन्या करारातल्या ‘अनुवाद’ या पुस्तकात, 14:3 मध्ये, मात्र निषिद्ध खाद्यासाठी ‘तोएवा’च आहे, म्हणून ‘तोएवा म्हणजे फक्त नैतिक पाप’ हे उलट टोकही टिकत नाही.) परंपरावादी वक्ता दुसरी चूक करतो: तो यादीतले एकच वचन उचलतो. त्याच यादीत, 18:19 मध्ये, पाळीच्या दिवसांतल्या पत्नीकडे जाण्यालाही मनाई आहे. त्यावरून आज कोणतीच मंडळी कोणाला बाहेर काढत नाही. ख्रिस्ती माणसाने लेवीयमधले काय पाळायचे, याचे उत्तर लेवीयमध्ये मिळत नाही. ते नव्या करारात शोधावे लागते, आणि म्हणून सारे ओझे पौलावर येते.

करिंथकरांस पहिल्या पत्रात (6:9) देवाच्या राज्याचे वतन न मिळणाऱ्यांची यादी आहे. तिच्यात ‘मालाकोइ’ आणि ‘आर्सेनोकोइताइ’ हे शब्द लागोपाठ येतात. दुसरा शब्द तीमथ्याला पहिल्या पत्रातही (1:10) आहे. ‘मालाकोस’ म्हणजे मऊ. मत्तयच्या शुभवर्तमानात (11:8) तोच शब्द तलम वस्त्रांसाठी आहे, आणि ग्रीक लेखक तो चैनी, भित्र्या, संयम नसलेल्या पुरुषासाठी वापरत. ‘आर्सेनोकोइतेस’ हा शब्द आज उपलब्ध असलेल्या ग्रीक साहित्यात पौलाच्या आधी सापडत नाही. त्याचे दोन घटक म्हणजे ‘आर्सेन’, पुरुष, आणि ‘कोइते’, शय्या. लेवीय 20:13च्या प्राचीन ग्रीक भाषांतरात हे दोन शब्द अगदी शेजारी आहेत. पौलाने किंवा त्याच्या आधीच्या ग्रीकभाषी यहुद्यांनी तिथूनच शब्द जुळवला असावा, हा तर्क मला सर्वांत सबळ वाटतो. विरोधी मत असे की घटकांवरून अर्थ काढणे फसवे असते, आणि नंतरच्या काही याद्यांमध्ये हा शब्द चोरी, अन्याय, पिळवणूक यांच्या रांगेत येतो. म्हणून त्यात देहाच्या बाजारातल्या शोषणाचा रोख असावा.

भाषांतरांचा इतिहास इथे डोळे उघडणारा आहे. लूथरच्या जर्मन बायबलने सोळाव्या शतकात दुसऱ्या शब्दासाठी ‘मुलांना भ्रष्ट करणारे’ असा शब्द घेतला. 1611च्या किंग जेम्स भाषांतरात त्याच जागी पुरुषांशी दुराचार करणारे अशा अर्थाची शब्दरचना आहे. 1946 साली अमेरिकेत आलेल्या रिव्हाइज्ड स्टँडर्ड भाषांतराने दोन्ही ग्रीक शब्द मिळून ‘होमोसेक्शुअल्स’ असा एकच शब्द घातला. तोटा दुहेरी झाला. दोन शब्दांचे वेगळेपण गेले, आणि कृतीवरची टीका स्वभाव नावाच्या गोष्टीवर जाऊन बसली. हा शब्दच मुळात 1869 साली जर्मन भाषेत पहिल्यांदा छापला गेला. 1971च्या आवृत्तीत तो बदलला, पण तोवर एका पिढीने तोच पाठ केला होता. यावरून ‘1946पूर्वी बायबलमध्ये हा विषयच नव्हता’ असे सांगणारेही अतिशयोक्ती करतात. किंग जेम्सचे शब्द त्यांना खोटे ठरवतात. घरातले मराठी भाषांतर उघडताना ही एक गोष्ट तपासावी: त्या यादीत दोन पदे आहेत की एकच?

रोमकरांस पत्राचा पहिला अध्याय (26-27) सर्वांत कठीण आहे. बायबलमध्ये स्त्रियांमधल्या संबंधांचा उल्लेख बहुतेक अभ्यासकांच्या मते इथेच आहे. पौल मूर्तिपूजेबद्दल बोलतो आणि निसर्गाला सोडून जाणाऱ्या वासना तिचा परिणाम म्हणून मांडतो. ‘पॅरा फ्युसिन’, म्हणजे निसर्गाला सोडून, हेच शब्द तो 11:24 मध्ये देवासाठी वापरतो: रानटी जैतुनाची फांदी देवाने ‘निसर्गाला सोडून’ चांगल्या झाडावर कलम केली. दुसऱ्या अध्यायाचे पहिलेच वाक्य वाचकाचा कान पकडते: दुसऱ्याचा न्याय करणाऱ्या माणसा, तुला सबब नाही. प्रवचनात पहिला अध्याय वाचून थांबणे ही नेहमीची चूक, कारण पौलाने सापळा दुसऱ्या अध्यायात लावला आहे. तरीही मान्य केले पाहिजे की या वचनांत पौल समलिंगी संबंधांबद्दल एकही चांगला शब्द बोलत नाही. समलिंगी विवाहाच्या बाजूने असलेले प्रामाणिक अभ्यासकही हे कबूल करतात.

इथूनच वाद एदेनला पोहोचतो. मत्तय 19 मध्ये सूटपत्राबद्दल, म्हणजे घटस्फोटाबद्दल, विचारले असता येशू उत्पत्ती 1:27 आणि 2:24 जोडून उत्तर देतो: नर आणि नारी अशी निर्मिती, आणि ती दोघे एकदेह. परंपरावादी म्हणतात, विवाहाची व्याख्या इथेच झाली, मनाईची वचने तिचे केवळ कुंपण आहेत. रोमन कॅथलिक चर्च आणि ऑर्थोडॉक्स चर्च याच पायावर उभी आहेत. दुसरी बाजू म्हणते, ‘एकदेह’ म्हणजे नाते, कूळ. शिवाय ‘मनुष्य एकटा असावा हे बरे नाही’ हे 2:18 आधी येते, आणि मत्तयच्या त्याच अध्यायात, 12व्या वचनात, येशू साच्यात न बसणाऱ्या नपुंसकांनाही राज्यात जागा देतो.

या वळणावरची एक तारीख सहसा विसरली जाते, ती म्हणजे 1930. प्राचीन चर्चचा धर्मशास्त्रज्ञ ऑगस्टीन याने विवाहाची तीन हिते सांगितली होती: संतती, निष्ठा आणि संस्काराचे अतूट बंधन. 1662च्या अँग्लिकन प्रार्थनापुस्तकातही विवाहाचे पहिले कारण संतती हेच आहे. 1930च्या लँबेथ परिषदेने, म्हणजे जगभरच्या अँग्लिकन बिशपांच्या सभेने, 15व्या ठरावाने विवाहित जोडप्यांना मर्यादित परिस्थितीत संततिनियमनाची साधने वापरायची मुभा दिली, आणि इतर प्रोटेस्टंट मंडळ्या हळूहळू त्याच वाटेने गेल्या. संतती विवाहाच्या व्याख्येतून सैल झाली की ‘मग दोन पुरुष किंवा दोन स्त्रिया का नकोत?’ या प्रश्नाचे उत्तर अवघड होते. कॅथलिक चर्चने 1968 साली कृत्रिम साधनांना नकार कायम ठेवला, म्हणून तिथला युक्तिवाद आतून सुसंगत राहिला. समलिंगी जोडप्यांवर कठोर आणि संततिनियमनावर मवाळ असलेल्या मंडळ्यांनी हा धागा तपासायला हवा, असे मला मनापासून वाटते.

संस्थांचे निर्णय या वाचनांमागून आले. अमेरिकेतल्या युनायटेड चर्च ऑफ ख्राइस्टने 2005 साली आणि स्वीडनच्या लुथरन चर्चने 2009 साली समलिंगी विवाहाला मान्यता दिली. अँग्लिकनांची जखम खोल आहे. 1998च्या लँबेथ परिषदेने ठराव 1.10 हा 526 विरुद्ध 70 मतांनी संमत केला. त्यात समलिंगी आचरण शास्त्राशी विसंगत ठरवले, पण समलिंगी व्यक्तींचे ऐकून घेण्याचे वचनही दिले. पुढे पहिला भाग सगळ्यांनी उद्धृत केला आणि दुसरा फार थोड्यांनी पाळला. 2003 साली अमेरिकेतल्या न्यू हॅम्पशरमध्ये जोडीदारासोबत उघडपणे राहणारे जीन रॉबिन्सन बिशप झाले, आणि 2008 साली जेरुसलेममध्ये परंपरावाद्यांची गॅफकॉन ही आघाडी उभी राहिली. इंग्लंडच्या चर्चने डिसेंबर 2023 पासून नेहमीच्या उपासनेत समलिंगी जोडप्यांसाठी प्रार्थना करायला परवानगी दिली. विवाह लावायला मात्र नाही.

युनायटेड मेथडिस्ट चर्च या प्रोटेस्टंट पंथाने 1972 साली समलैंगिक आचरण ‘ख्रिस्ती शिकवणीशी विसंगत’ असल्याचे वाक्य नियमपुस्तकात घातले. 2019च्या विशेष परिषदेत कडक नियम 438 विरुद्ध 384 मतांनी टिकले. त्याच परिषदेने मंडळ्यांना मालमत्तेसह बाहेर पडायची मुदतबंद वाट दिली, आणि 2023 अखेर अमेरिकेतल्या सुमारे 7,600, म्हणजे साधारण चौथा हिस्सा मंडळ्या निघून गेल्या. त्यामुळे 2024च्या परिषदेत बहुमत उलटले आणि ते वाक्य 523 विरुद्ध 161 मतांनी काढले गेले.

रोमने, म्हणजे कॅथलिक चर्चच्या केंद्राने, 18 डिसेंबर 2023 रोजी समलिंगी जोडप्यांना आशीर्वाद देण्याची मुभा दिली, पण अटी घट्ट: ठरलेला विधी नाही, नागरी विवाहाच्या समारंभाला जोडून नाही, विवाहाचा पोशाख किंवा हावभाव नाहीत. पुढच्या महिन्यातल्या खुलाशात दहा-पंधरा सेकंदांच्या प्रार्थनेचे उदाहरण दिले. आफ्रिकेतल्या बिशपांच्या मंडळाने तेही नाकारले.

अभ्यासाच्या बाजूला 2024 साली एक मोठी घटना घडली. परंपरावादी वाचनाचा 1996 पासूनचा भक्कम आधार मानले गेलेले नव्या कराराचे अभ्यासक रिचर्ड हेज यांनी मुलगा ख्रिस्तोफर यांच्यासोबत लिहून आपली भूमिका बदलली. लक्ष देण्याजोगी गोष्ट ही की त्यांचा नवा युक्तिवाद त्या मोजक्या वचनांच्या नव्या अर्थावर उभा नव्हता. देवाची दया आधी वगळलेल्यांपर्यंत पोहोचत गेली, ही बायबलची मोठी कथा त्यांनी पुढे ठेवली. प्रेषितांची कृत्ये 15 मध्ये यहुदी नसलेल्या परराष्ट्रीयांना सुंतेशिवाय मंडळीत घेतले, तसे. टीकाकार लगेच दाखवतात की त्याच निर्णयात जारकर्मापासून दूर राहण्याची अट आहे. म्हणजे प्रश्न पुन्हा तिथेच येतो: विवाहित समलिंगी नाते जारकर्मात मोजायचे का?

महाराष्ट्राचा धागा थेट आहे. चर्च ऑफ नॉर्थ इंडिया 29 नोव्हेंबर 1970 रोजी नागपुरात स्थापन झाले. मुंबई, नाशिक, कोल्हापूर, नागपूर इथले त्याचे धर्मप्रांत अँग्लिकन परिवाराचा भाग आहेत, त्यामुळे लँबेथचे ठराव इथवर पोहोचतात. 2013 साली कलम 377 पुन्हा लागू झाले तेव्हा मुंबईचे कार्डिनल ओस्वाल्ड ग्रेशियस यांनी चर्च समलिंगी व्यक्तींना गुन्हेगार मानत नाही असे सांगितले, मात्र विवाहाला विरोध कायम ठेवला. 6 सप्टेंबर 2018 रोजी सर्वोच्च न्यायालयाने प्रौढांच्या संमतीच्या संबंधांना त्या कलमातून वगळले. 17 ऑक्टोबर 2023च्या निकालात समलिंगी जोडप्यांना विवाहाचा हक्क मात्र दिला नाही. 1872चा भारतीय ख्रिस्ती विवाह कायदा वर आणि वधूच्या वयाच्या अटी ‘पुरुष’ आणि ‘स्त्री’ असे म्हणूनच घालतो. उद्या इथल्या एखाद्या मंडळीने असा विवाह लावायचे ठरवले, तरी या कायद्याखालच्या नोंदवहीत तो विवाह म्हणून चढणार नाही.