बैठकीत कीबोर्ड आला, त्यानंतर

चारजण एकत्र बसले की डोकी जास्त चालतात, हा समज जुना. जाहिरात व्यवसायातल्या अ‍ॅलेक्स ऑसबर्न यांनी त्याला ‘ब्रेनस्टॉर्मिंग’ म्हणून लोकप्रिय केलं. पण 1958 मध्ये येल विद्यापीठातल्या प्रयोगात उलटंच दिसलं: एकेकटे बसलेल्या चौघांच्या कल्पना एकत्र मोजल्या, तर एका टेबलाभोवती बसलेल्या चौघांपेक्षा त्या जास्त भरल्या. डील आणि श्ट्रोबे यांनी 1987 मध्ये त्याचं मुख्य कारण सांगितलं. एक बोलत असताना बाकीच्यांना थांबावं लागतं, आणि तेवढ्यात सुचलेलं विसरतं किंवा मागे पडतं.

यावर उपाय म्हणून अ‍ॅरिझोना विद्यापीठात जे नुनामेकर आणि सहकाऱ्यांनी 1985 च्या सुमारास संगणकांची बैठक-खोली उभारली. यू आकाराचं टेबल, प्रत्येकासमोर संगणक, पुढे मोठा पडदा. सगळ्यांनी एकाच वेळी टाइप करायचं. पडद्यावर मुद्दा दिसे, नाव नाही. बैठकीत बहुतेकदा ‘बळी तो कान पिळी’ हाच न्याय चालतो. इथे साहेबाचं वाक्य आणि नवख्याचं वाक्य सारखंच दिसत होतं. अबोल माणसाला याहून सोयीचं काय असणार?

तरी समाधानाचं गणित जुळेना. कॉनोली, जेसप आणि वालासिच यांनी 1990 मध्ये निनावी गटांत एका साथीदाराला मुद्दाम खोडी काढणारे शेरे मारायला लावलं. अशा गटांनी कल्पना जास्त दिल्या, पण ते कमी खूश होते. जिथे साथीदार कौतुक करत होता ते गट खूश होते, कल्पना मात्र कमी. मला हा सगळ्या इतिहासातला सर्वांत बोलका निष्कर्ष वाटतो. यंत्रणा तीच असते, पण टोचून बोलणारा एक माणूस आला की बैठकीची चव बदलते. मिनेसोटातल्या डीसँक्टिस आणि पूल यांनी 1994 मध्ये हेच सिद्धांतरूपात मांडलं: सॉफ्टवेअर एकच दिलं तरी प्रत्येक गट ते आपल्या वळणाने वापरतो.

मग 2020 च्या टाळेबंदीत कॅमेरा घराघरांत आला. कीबोर्डने झाकलेला चेहरा पुन्हा समोर, तोही स्वतःच्याच डोळ्यांपुढे. स्टॅनफर्डच्या 2021 च्या पाहणीत सातातल्या एका बाईने व्हिडिओ बैठकींनंतर खूप थकवा येतो असं सांगितलं, पुरुषांत विसातल्या एकाने. संशोधकांच्या मते मोठं कारण, स्वतःचं सतत दिसणं. आणि बोलक्यांपेक्षा अबोलच जास्त दमत होते.