जिनिव्हाचा निकाल आणि तुमचं शिपिंग बिल
भोसरी, चाकण, पिरंगुट भागातल्या आमच्या निर्यातदार ग्राहकांसाठी

'डब्ल्यूटीओचा (जिनिव्हातल्या जागतिक व्यापार संघटनेचा) भारताला दणका' अशी बातमी आली की दुसऱ्या दिवशी आमचा फोन वाजतो. "साहेब, सवलत बंद झाली का?" आणि मागोमाग दुसरा प्रश्न, तो जास्त पोटतिडकीचा: "आपल्या देशात काय चालावं हे जिनिव्हातल्या तिघा जणांनी का ठरवायचं?"

पहिल्याचं उत्तर सोपं आहे. जिनिव्हाच्या निकालाने इथला एकही नियम आपोआप बदलत नाही. आंतरराष्ट्रीय करारांसाठी कायदा करण्याचा अधिकार राज्यघटनेच्या कलम 253 ने संसदेला दिलेला आहे, आणि तुमची सवलत बदलते ती सरकारच्या अधिसूचनेने. ती निघेपर्यंत कालचाच नियम चालू. निकाल न पाळणाऱ्या देशाला दंड नाही, जप्ती नाही. मात्र जिंकलेला देश डब्ल्यूटीओची परवानगी घेऊन त्याच्या मालावर जादा शुल्क लावू शकतो, आणि तो माल तुमचा असू शकतो.

दुसऱ्या प्रश्नासाठी एमईआयएस, म्हणजे निर्यात केल्याबद्दल मिळणारी जुनी सवलत, आठवा. अमेरिकेच्या तक्रारीवर 31 ऑक्टोबर 2019 ला डब्ल्यूटीओच्या पॅनेलने (खटला ऐकणाऱ्या तिघांच्या मंडळाने) सांगितलं की एमईआयएस, ईपीसीजी (निर्यातीच्या अटीवर यंत्रांच्या आयातशुल्कात सूट), सेझ (विशेष आर्थिक क्षेत्र) यांतल्या बऱ्याच सवलती म्हणजे निर्यातीला बांधलेली सबसिडी आहे. अशी सबसिडी गरीब देशांना चालते, पण दरडोई उत्पन्न सलग तीन वर्षं 1000 डॉलरच्या वर (1990 च्या किमतींनी) गेलं की ती मुभा संपते. आपण ती रेषा ओलांडली होती. भारताने अपील केलं. पण अमेरिकेने नेमणुका अडवल्यामुळे डिसेंबर 2019 पासून अपील मंडळात सुनावणीपुरते तीन सदस्यही उरले नाहीत, आणि अपील तिथेच अडकलं. म्हणजे निकाल अंतिम झालाच नाही. तरीही सरकारने एमईआयएस बंद करून 1 जानेवारी 2021 पासून रोडटेप ही करपरताव्याची योजना आणली. ईपीसीजी मात्र ठेवली. काय सोडायचं आणि काय राखायचं, हे दिल्लीत ठरलं.

साखरेच्या सबसिडीच्या खटल्याचंही तसंच. 14 डिसेंबर 2021 ला पॅनेलचा निकाल ब्राझील, ऑस्ट्रेलिया आणि ग्वाटेमालाच्या बाजूने लागला, भारताने अपील केलं, आणि उसाची एफआरपी (कारखान्यांनी द्यायचा किमान भाव) आजही जाहीर होते. सार्वभौमत्व गेलं असं आम्हाला वाटत नाही. पण नियम आपण सही करून मान्य केलेले आहेत आणि ते आपल्यालाही उपयोगी पडतात. 'देशी मालच वापरा' या अटीवरून सौरऊर्जेच्या खटल्यात भारत 2016 साली हरला, आणि अमेरिकेतल्या काही राज्यांच्या तशाच अटींविरुद्ध 2019 साली पॅनेलपुढे जिंकला.

आता तुमच्या कामाचं. एमईआयएस हे निर्यातीबद्दलचं बक्षीस होतं. रोडटेप म्हणजे तुम्ही आधीच भरलेल्या, पण दुसरीकडून परत न मिळणाऱ्या करांचा परतावा: मालवाहतुकीच्या डिझेलवरचा कर, वीजशुल्क वगैरे. भरलेला कर परत देणं नियमांत बसतं, भरल्यापेक्षा जास्त देणं बसत नाही. म्हणून दर कमी आहेत. परदेशातले अधिकारी सबसिडीची चौकशी लावतात तेव्हा नेमका याचाच पुरावा मागतात, आणि तो नसेल तर प्रतिसंतुलन शुल्क (सबसिडीचा फायदा पुसून काढायला तिथे लावलेलं जादा शुल्क) तुमच्या मालावर बसू शकतं. वीजबिलं, डिझेलच्या पावत्या, वाहतूकदाराची बिलं पाच वर्षं जपा. वर्षाचा रोडटेप दावा 1 कोटीच्या वर गेला तर वार्षिक विवरणपत्रही भरावं लागतं.

2019 साली आमच्या एका ग्राहकाने एमईआयएस धरून तीन वर्षांचा भाव दिला होता. योजना संपल्यावर उरलेला माल त्यांना जवळजवळ नफ्याविना पाठवावा लागला. तो भाव आम्हीही तपासला होता आणि अडवला नव्हता, याची आम्हाला आजही खंत आहे. त्यानंतर आम्ही कोटेशनमध्ये सवलत वेगळ्या ओळीत दाखवतो आणि 'योजना बदलल्यास दर पुन्हा ठरेल' हे वाक्य करारात घालायला सांगतो.

वर्षापेक्षा लांबीचा निर्यात करार असेल तर सही करण्याआधी मसुदा घेऊन या. तो वाचून देण्याचे आम्ही पैसे घेत नाही.