हेतू–वर्तन दरी

हेतू–वर्तन दरी : एखादी गोष्ट करायची असे माणसाने मनापासून ठरवणे आणि ती त्याच्या हातून प्रत्यक्ष होणे, या दोहोंतील तफावत. सामाजिक मानसशास्त्र आणि आरोग्य मानसशास्त्र या शाखांतील ही संकल्पना व्यायाम, आहार, वेळेवर औषधे, वैद्यकीय तपासण्या, वीज-पाण्याची बचत, कचऱ्याचे वर्गीकरण अशा विषयांवरच्या संशोधनात सतत भेटते. ‘कळते पण वळत नाही’ या जुन्या तक्रारीच्या ती एक पायरी पुढची आहे. येथे माणसाला कळलेले असते, पटलेले असते, त्याने ठरवलेलेही असते. तरी सकाळचे चालणे राहते आणि कापडी पिशवी घरात खुंटीलाच लटकत राहते.

या प्रश्नाची सुरुवात आहार किंवा पर्यावरणातून नव्हे, वंशद्वेषाच्या अभ्यासातून झाली. अमेरिकन समाजशास्त्रज्ञ रिचर्ड लापिएर यांनी १९३० च्या दशकाच्या आरंभी एका तरुण चिनी दांपत्याबरोबर मोटारीने अमेरिकाभर प्रवास केला. त्या काळी तेथे चिनी लोकांविषयीचा आकस उघड होता. तरीही अडीचशे हॉटेले, उपाहारगृहे व मुक्कामाच्या जागांपैकी फक्त एका ठिकाणी त्यांना नकार मिळाला. सहा महिन्यांनी लापिएर यांनी त्याच जागांना पत्रे पाठवून ‘तुम्ही चिनी पाहुणे घ्याल का?’ असे विचारले. उत्तर देणाऱ्या १२८ जणांपैकी नव्वद टक्क्यांहून अधिक जणांनी ‘नाही’ असे कळवले. १९३४ साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात उणिवा ठळक आहेत. दारात पाहुण्यांचे स्वागत करणारा आणि पत्राला उत्तर लिहिणारा माणूस एकच होता, याची खात्री नाही. शिवाय बहुतेक ठिकाणी एक गोरा प्राध्यापक सोबत होता. पण विचारून मिळालेले उत्तर आणि पाहून दिसलेले वर्तन ही दोन वेगळी मापे आहेत, हा त्यातला मुद्दा आजही टिकून आहे. या विषयातले पुढचे बहुतेक वाद त्याच्याभोवतीच फिरतात.

१९६९ मध्ये ॲलन विकर यांनी तोवरच्या अभ्यासांचा आढावा घेतला. अभिवृत्ती, म्हणजे एखाद्या गोष्टीबद्दलचा मनाचा कल, आणि वर्तन यांतील सहसंबंध गुणांक (दोन गोष्टी किती जोडीने बदलतात याचे माप; ० म्हणजे संबंध नाही, १ म्हणजे पूर्ण संबंध) क्वचितच ०.३० च्या वर जातो, अनेकदा तो शून्याजवळच असतो, असे त्यांना आढळले. अभिवृत्ती ही कल्पनाच टाकून द्यावी की काय, इथवर चर्चा गेली. ती सावरली मोजमापाच्या एका साध्या सुधारणेने : ढोबळ कलावरून नेमक्या कृतीचा अंदाज बांधू नये. अँड्रू डेव्हिडसन आणि जेम्स जॅकार्ड यांनी १९७९ साली गर्भनिरोधक गोळ्यांबाबत हे आकड्यांत दाखवले. ‘संततिनियमनाबद्दल तुमचे मत काय?’ या प्रश्नाच्या उत्तराचा गोळ्या घेण्याशी सहसंबंध ०.०८ इतकाच होता. ‘येत्या दोन वर्षांत स्वतः गोळ्या घेण्याबद्दल काय वाटते?’ असे विचारताच तो ०.५७ झाला. पर्यावरणाच्या क्षेत्रात रसेल वायगेल आणि ली न्यूमन यांनी १९७६ मध्ये याचीच उलट बाजू मांडली. पर्यावरणाबद्दलच्या सर्वसाधारण आस्थेवरून एखादी सुटी कृती नीट ओळखता येत नाही. पण अर्जांवर सह्या घेणे, रस्त्यावरचा कचरा उचलणे, पुनर्वापरासाठी सामान वेगळे काढणे अशा अनेक कृतींची बेरीज केली, तर सहसंबंध ०.६२ पर्यंत चढतो.

या वाटेवरूनच मार्टिन फिशबाइन व आयसेक आयझेन यांची मांडणी आणि तिच्यातून आयझेन यांचा ‘नियोजित वर्तनाचा सिद्धांत’ (१९८५, विस्ताराने १९९१) घडला. त्यात वर्तनाच्या अगदी आधी हेतू उभा असतो. हेतू तीन गोष्टींतून बनतो : त्या कृतीबद्दलचा कल, आपल्या जवळच्या माणसांना काय वाटेल याची जाणीव, आणि हे आपल्या आवाक्यात आहे का याचा अंदाज. आरोग्यविषयक संशोधनावर या सिद्धांताने दोन-तीन दशके अक्षरशः राज्य केले. प्रश्नावली छापायची, वाटायची आणि गणित मांडायचे, इतके सोपे काम दुसऱ्या कुठल्या सिद्धांताने संशोधकांना दिले नव्हते. ख्रिस्तोफर आर्मिटेज व मार्क कॉनर यांनी २००१ मध्ये १८५ अभ्यास एकत्र तपासले, तेव्हा लोकांच्या वर्तनांतील फरकांपैकी २७ टक्के फरकांचा उलगडा या सिद्धांताने होतो असे दिसले. मात्र वर्तन लोकांनी स्वतः सांगितलेले असेल तर हा आकडा ३१ टक्क्यांपर्यंत जातो आणि इतर कोणी पाहून नोंदवलेले असेल तर विसाच्या आसपास उतरतो. लापिएर यांची हॉटेले इथे पुन्हा आठवावीत.

दरी कोणामुळे पडते, हे पास्कल शीरन यांनी २००२ च्या आढाव्यात स्पष्ट केले. ‘करणार नाही’ म्हणणारे लोक बहुधा खरेच करत नाहीत. ‘करणार’ म्हणणाऱ्यांपैकी मात्र जवळजवळ निम्मे गळतात. म्हणजे दरीचे सगळे ओझे चांगल्या हेतूच्या लोकांवर आहे. थॉमस वेब व शीरन यांनी २००६ मध्ये ४७ प्रयोगांवरून आणखी एक गोष्ट दाखवली. समजावून, प्रचार करून हेतू बराच बदलता येतो. वर्तन त्या मानाने थोडेच बदलते. जनजागृतीच्या फलकांवर खर्च करणाऱ्या प्रत्येक खात्याने हा निष्कर्ष वाचायला हवा.

गळतीचे एक मोठे कारण सवय. डेव्हिड नील, वेंडी वूड आणि सहकाऱ्यांच्या २०११ च्या प्रयोगात चित्रपटगृहातील प्रेक्षकांना काहींना ताजे, तर काहींना सात दिवसांचे शिळे पॉपकॉर्न देण्यात आले. चित्रपट पाहताना पॉपकॉर्न खायची पक्की सवय असलेल्यांनी शिळेही ताज्याइतकेच खाल्ले. त्याच लोकांसारख्यांना साध्या बैठकीच्या खोलीत बसवले, किंवा नेहमीच्या हाताऐवजी दुसऱ्या हाताने खायला लावले, की चव पुन्हा कामाला आली. जागा आणि हात मिळून खात होते, माणूस नव्हे, असेच म्हणावे लागेल. नवी सवय लागायला २१ दिवस पुरतात, ही सर्वत्र फिरणारी समजूत मॅक्सवेल मॉल्ट्झ या प्लास्टिक सर्जनच्या १९६० च्या लेखनापर्यंत मागे जाते. तिला प्रयोगाचा आधार नाही. लंडनमध्ये फिलिपा लॅली यांनी ९६ स्वयंसेवकांवर केलेल्या अभ्यासात मध्यक (निम्म्यांना याहून कमी आणि निम्म्यांना जास्त वेळ लागतो तो मधला आकडा) ६६ दिवसांचा निघाला आणि व्याप्ती १८ ते २५४ दिवसांची. अभ्यास ८४ दिवसांचाच असल्याने वरचा आकडा आलेख पुढे वाढवून काढलेला आहे, हे उद्धृत करणारे बहुधा विसरतात. एखादा दिवस चुकल्याने विशेष बिघडत नाही, हे याच अभ्यासातले निरीक्षण दिलासा देणारे आहे.

दरी बुजवण्याच्या उपायांत सर्वाधिक तपासला गेलेला उपाय जर्मन मानसशास्त्रज्ञ पीटर गोलविट्झर यांचा. नुसते ‘मी व्यायाम करीन’ असे न ठरवता ‘अमुक वेळ आली, अमुक ठिकाणी असलो, की अमुक करीन’ असे वाक्य आधीच बांधून ठेवायचे. ‘दाराला कुलूप लावताना पिशवी खांद्याला अडकवीन’ हे असेच एक वाक्य. कृतीची आठवण ठेवण्याचे काम येथे मनाकडून काढून कुलपाकडे दिले जाते. ऐन वेळी विचार करायचा नसतो, म्हणून ते साधते. शीना ऑर्बेल आणि सहकाऱ्यांच्या १९९७ च्या अभ्यासात स्तनांची स्वतः तपासणी करण्याचा पक्का हेतू असलेल्या स्त्रियांपैकी ज्यांनी कुठे व केव्हा हे लिहून ठेवले, त्या सर्वांनी महिन्याभरात तपासणी केल्याचे सांगितले. इतरांत हे प्रमाण ५३ टक्के होते. २००२ च्या एका ब्रिटिश अभ्यासात विद्यार्थ्यांना व्यायामाचे महत्त्व पटवून देणारा मजकूर वाचायला दिला, तर आठवड्यात एकदा तरी व्यायाम करणारे ३५ टक्केच निघाले, म्हणजे काहीच न दिलेल्या गटाच्या ३८ टक्क्यांच्या आसपासच. मजकुराबरोबर वेळ व जागा ठरवून घेतलेल्यांत ते ९१ टक्के होते. हे आकडे डोळे दिपवणारे आहेत. पण तेही लोकांनी सांगितलेलेच. आहाराच्या बाबतीत हा उपाय चांगले खाणे वाढवायला बऱ्यापैकी आणि वाईट खाणे सोडायला कमी उपयोगी पडतो, असे २०११ च्या एकत्रित आढाव्यात आढळले. फळ खायचे लक्षात ठेवता येते. समोर आलेली जिलेबी न खाण्यासाठी कुठले कुलूप शोधायचे?

पर्यावरणाच्या क्षेत्रात आणखी एक गुंता आहे : आपण असे का वागतो, हे माणसाला धड सांगता येत नाही. जेसिका नोलन, रॉबर्ट चाल्डिनी आदींनी २००८ मध्ये कॅलिफोर्नियातील रहिवाशांना वीज वाचवण्याचे कारण विचारले. ‘शेजारी वाचवतात म्हणून’ हे कारण सगळ्यांत खाली गेले. पण लोकांनी सांगितलेल्या बचतीशी त्याचाच संबंध सर्वांत घट्ट होता, आणि शेजाऱ्यांचा दाखला देणाऱ्या पत्रकांनीच वीजवापर सर्वाधिक उतरला. त्याआधी २००७ साली कॅलिफोर्नियातल्याच सॅन मार्कोस गावातील प्रयोगात याची दुसरी बाजू दिसली होती. सरासरीपेक्षा कमी वीज वापरणाऱ्या घरांना शेजारची सरासरी कळताच त्यांचा वापर वाढला. कागदावर हसरा चेहरा काढून शाबासकी दिल्यावर ही वाढ थांबली. हॉटेलातील टॉवेल पुन्हा वापरण्याबद्दलचा २००८ चा अमेरिकी प्रयोग याहून गाजला : ‘बहुतेक पाहुणे पुन्हा वापरतात’ या ओळीने प्रमाण ३५ वरून ४४ टक्क्यांवर गेले. जर्मनीत २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या फेरप्रयोगात मात्र साधी विनंतीही तितकीच परिणामकारक ठरली.

कधी क्रम उलटाही असतो. इंग्लंडमध्ये ऑक्टोबर २०१५ पासून मोठ्या दुकानांत प्लास्टिक पिशवीला ५ पेन्स आकारले जाऊ लागले. पिशव्यांचा वापर सर्व वयोगटांत घटला आणि अशा आकारणीला लोकांचा पाठिंबा नंतर वाढला. वर्तन आधी बदलले, मत मागाहून आले.

या क्षेत्राची पत मधल्या काळात घसरलीही. मुळा आणि चॉकलेट बिस्किटे समोर ठेवून केलेल्या रॉय बाउमाइस्टर यांच्या १९९८ च्या प्रयोगातून ‘संयम वापरला की तो संपतो’ ही कल्पना रूढ झाली होती; २०१६ मध्ये २३ प्रयोगशाळांनी मिळून केलेल्या चाचणीत परिणाम जवळजवळ शून्य निघाला. ताटाचा आकार, आपोआप भरत राहणारा सूपचा वाडगा अशा चटकदार प्रयोगांनी प्रसिद्ध झालेले कॉर्नेल विद्यापीठाचे ब्रायन वान्सिंक यांच्यावर २०१८ साली विद्यापीठाने संशोधनातील गैरवर्तनाचा ठपका ठेवला आणि त्यांचे डझनाहून अधिक निबंध मागे घेतले गेले. आयझेन यांचा सिद्धांतही सुटला नाही. २०१४ मध्ये फाल्को स्नीहोटा व सहकाऱ्यांनी त्याला निवृत्त करण्याची वेळ आल्याचे लिहिले. सिद्धांत जिवंत आहे, असे उत्तर आयझेन यांनी पुढच्या वर्षी दिले.

न घडलेली प्रत्येक चांगली गोष्ट या दरीत ढकलणे मात्र चूक. बिहार, उत्तर प्रदेश, मध्य प्रदेश, राजस्थान व हरियाणा येथील ग्रामीण घरांच्या २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत, चालू शौचालय असलेल्या ४० टक्क्यांहून अधिक घरांत किमान एक जण उघड्यावर जात होता. पाहणी करणाऱ्यांना त्यामागे विस्मरण किंवा आळस दिसला नाही. उघड्यावर जाणे अनेकांना आरोग्याला चांगले वाटत होते. घरालगत मैला साठवणे अनेकांना विटाळाचे वाटत होते, आणि खड्डा भरल्यावर तो उपसायचा कोणी, हा जातीशी बांधलेला प्रश्न त्यामागे होता. तेथे हेतू आणि वर्तन एकमेकांशी नीट जुळतच होते.