चार पिशव्यांचा साचा सगळ्यांना बसत नाही

किडनी निकामी झाल्यावर मशीननं रक्त शुद्ध करतात, ते हिमोडायलिसिस. त्याच्या एका चार तासांच्या खेपेला मशीनला सुमारे १२० लिटर शुद्ध पाणी लागतं. ज्या लातूरला २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं, तिथे हा आकडा लहान नाही. शिवाय जिल्ह्याच्या ठिकाणी हेलपाटे आणि बुडालेली मजुरी. पोटाचं डायलिसिस, म्हणजे पीडी, घरीच होतं. रोज दोन लिटर द्रावणाच्या चार पिशव्या एकामागून एक पोटात सोडून काही तासांनी काढायच्या, हा त्याचा नेहमीचा साचा. पण तो सरसकट सगळ्यांना लावणं मला पटत नाही.

पोटातल्या आतड्यांभोवती पेरिटोनियम नावाचा पातळ पडदा असतो. नळीवाटे पोटात सोडलेल्या द्रावणात या पडद्यातून रक्तातली युरिया, क्रिएटिनिन ही घाण उतरते आणि द्रावणातलं ग्लुकोज अंगातलं जादा पाणी ओढून घेतं. हा पडदा प्रत्येकाचा वेगळा. काहींचा वेगवान असतो. त्यातून घाण लवकर येते, पण ग्लुकोजही तितक्याच लवकर रक्तात जातं आणि पाण्याची ओढ संपते. अशा माणसानं द्रावण रात्रभर पोटात ठेवलं, तर सकाळी भरल्यापेक्षा कमीच बाहेर येऊ शकतं आणि पायांवरची सूज उतरत नाही. त्याला कमी वेळाच्या, जास्त खेपा हव्यात. लांब खेपेसाठी ग्लुकोजऐवजी आयकोडेक्स्ट्रिनचं द्रावण, ज्याची पाण्याची ओढ जास्त वेळ टिकते. संथ पडद्याला उलट जास्त वेळ द्यावा लागतो. पडदा कसा आहे हे चार तासांच्या एका चाचणीत कळतं. किडनीतज्ज्ञ ट्वार्डोव्स्की यांनी ती १९८७ मध्ये मांडली.

दुसरी गोष्ट लघवीची. किडनी थोडीफार चालत असेल, तर सुरुवातीला दोन-तीन पिशव्याही पुरू शकतात. खर्च वाचतो, ग्लुकोज कमी जातं, नळी कमी वेळा उघडावी लागते. मात्र २४ तासांची लघवी अधूनमधून मोजलीच पाहिजे. ती घटली की पिशव्या वाढवायच्या. नुसतं डायलिसिस वाढवून आयुष्य वाढत नाही, हे मेक्सिकोतल्या २००२ च्या अभ्यासात दिसलं होतं. पीडीच्या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या २०२० च्या शिफारशीही रुग्णाला कसं वाटतं, त्याला काय करायचंय, हे आधी विचारायला सांगतात.

आपल्याकडे हे विचारायलाच हवं. कापूस वेचणाऱ्या बाईला शेतातल्या धुळीत पिशवी बदलणं धोक्याचं. पहाटे निघण्याआधी, संध्याकाळी आल्यावर आणि झोपताना अशा बदलांवर तिचं भागतं का, हे डॉक्टरांनी तिच्यासोबत बसून ठरवावं. रात्री झोपेत द्रावण आपोआप बदलणाऱ्या मशीनचा विचार करताना गावातली वीज रात्रभर टिकते का, तेही पाहावं. मे महिन्याच्या उन्हात घामानंच पाणी जातं, तेव्हा ४.२५ टक्के ग्लुकोजची, जास्त पाणी ओढणारी कडक पिशवी चालूच ठेवली, तर रक्तदाब पडून चक्कर येते आणि उरलीसुरली किडनीही दुखावते. म्हणून रोजचं वजन आणि रक्तदाब वहीत लिहून ती वही दर तपासणीला न्यावी. आणि निघालेलं द्रावण गढूळ दिसलं, म्हणजे संसर्गाची शंका आली, तर पुढच्या तारखेची वाट न पाहता पिशवी घेऊन त्याच दिवशी दवाखाना गाठावा.